एका घरात दोन सुलभा

"माझं नाव? माझं नाव घेणार तू? अगं, मी अजून जिवंत आहे!"

माईंनी पोह्यांची बशी टेबलावर अशी आदळली की एक शेंगदाणा उडाला तो थेट मोहनच्या टायवर जाऊन बसला. मोहनने तो उचलून तोंडात टाकला. घरात भांडण पेटलं की काहीतरी चावत राहायचं, हा त्याचा जुना उपाय. तोंड भरलेलं असलं की कोणी मत विचारत नाही.

शरयू पाठ करून चहा गाळत होती. असंच होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिने आजची सकाळ निवडली होती. डाउनटाउनला सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू, तिचा दीर अतुल गाडी घेऊन येतच होता, म्हणजे भांडायला वेळ थोडा. काल सांगितलं असतं तर माई रात्रभर पुरवून पुरवून भांडल्या असत्या.

"तुमचं कुठे घेतेय, माई? माझंच परत घेतेय."

"परत घेतेय म्हणे! सेफ डिपॉझिटमध्ये ठेवलं होतंस का?"

"आजी, इट्स हर नेम!" सीमा फ्रीजच्या दारामागून ओरडली. एकोणीस वर्षांची पोरगी, कॉलेजात सोशिऑलॉजी शिकायची आणि घरी येऊन सगळ्यांवर तिची प्रॅक्टिस करायची. "यू गाइज जस्ट टुक इट. लाइक अ पार्किंग स्पॉट!"

"तू दूध पी," माई म्हणाल्या.

गोष्ट साधी होती, पण साध्या गोष्टीच घरं जाळतात. बावीस वर्षांपूर्वी वाईच्या घाणेकरांची सुलभा नागपूरच्या देवस्थळींकडे सून म्हणून आली. आणि सासूचं नाव काय? तर सुलभा. एका घरात दोन सुलभा म्हणजे सुनेवर खेकसावं तर ते सासूला लागायचं. मग सुनेचं नाव बदलायचं. सासूचं कसं बदलणार, ती काय नवीन आलीय? तांदळाच्या ताटात अंगठीने मोहनने 'शरयू' असं लिहिलं, तेसुद्धा माईंनी कानात सांगितल्यावर, आणि पहिल्यांदा 'यू'चा उकार द्यायला विसरून. पेढे वाटले. संपलं. सुलभा घाणेकर त्या ताटातल्या तांदळात गेली, त्याच तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला आणि तो तिनेच वाढला.

पुढे मोहनला शिकागोत पंपांच्या कारखान्यात नोकरी लागली. सासरे गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, माईही आल्या, त्यांचं ग्रीन कार्ड झालं. आणि परवा अतुल बोलता बोलता बोलून गेला, की सिटिझन होताना साहेबच विचारतो, नाव बदलायचंय का. बदलायचं असेल तर जजसाहेब शपथेच्या दिवशी बदलून देतात, फुकट. त्या दिवसापासून शरयूच्या डोक्यात हा किडा वळवळत होता.

"अगं पण ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी, लायसन्स, सिअर्सच्या दुकानाचं कार्ड," मोहनने घास गिळला. "सगळीकडे शरयू आहे. सगळं बदलत बसायचं?"

"मी बदलेन. मलाच लायनीत उभं राहायचंय ना?"

"पण कारण काय? काही त्रास आहे का त्या नावाचा?"

आता ह्याला काय सांगायचं? तिने गाळणी आपटली. लग्नात सगळं भटजी बोलले, तिने फक्त मान खाली घातली. अमेरिकेत यायचं हे मोहनने ठरवलं, नाव माईंनी ठरवलं, या घराच्या भिंतींचा हा कफासारखा पिवळा रंग घरमालकाने ठरवला. आणि आता पहिल्यांदाच, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ती स्वतः हात वर करून, स्वतःच्या तोंडाने, भर कोर्टात म्हणणार होती, 'आय, अमकी तमकी, शपथ घेते की.' त्या अमकी तमकीच्या जागी जे येईल ते तिला तिचं स्वतःचं हवं होतं. एवढंच. पण हे पोहे खाणाऱ्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

"त्रास काही नाही," ती म्हणाली. "मला हवंय."

"हवंय!" माईंनी कपाळावर हात मारला. "उद्या सासऱ्याचं धोतर हवंय म्हणशील!"

तेवढ्यात अतुल आलाच. दोन वर्षांपूर्वी सिटिझन झाल्यापासून तो घरात शिरताना देशाच्या वतीने शिरायचा. सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही हात वर केले. "वहिनी, प्लीज! आज नवीन फाटे फोडू नका. विचारतील तेवढंच बोलायचं. नाव, पत्ता, वॉशिंग्टन, थँक यू."

"भावजी, तुम्ही नाही का बदललंत?"

"मी बदललं कुठे? मी फक्त मधलं काढलं. कमी केलं."

"बापाला कमी केलंस!" माई कडाडल्या. अतुलचं मधलं नाव प्रल्हाद, म्हणजे कैलासवासी वडिलांचं. ते काढल्यापासून त्याला माईंच्या हातचा लाडू मिळाला नव्हता. "एकाने बापाला काढलं, दुसरी मला काढायला निघालीय. मोहन, तू काही बोलणार आहेस का?"

मोहनने बशीत हात घातला. बशी रिकामी होती. "निघू या," तो म्हणाला. "उशीर होईल."

आता एक भानगड शरयूने कोणालाच सांगितली नव्हती.

इंटरव्ह्यूला दोन साक्षीदार न्यायचे होते, दोघंही अमेरिकन सिटिझन. त्यांनी शपथेवर सांगायचं, की या बाईला आम्ही इतकी वर्षं ओळखतो आणि ही चांगली आहे. एक अतुल. दुसऱ्या खालच्या मजल्यावरच्या मिसेस नोव्हाक. सत्तरीच्या विधवा, डोक्यावर कायम हॅट, आणि शरयूच्या वरणावर बेहद्द प्रेम. अकरा वर्षांपूर्वी शरयू इथे नवीन आली तेव्हा तळघरात कपडे धुवायच्या मशीनपाशी त्यांनी विचारलं होतं, "व्हॉट्स युअर नेम, डिअर?" लग्न झाल्यापासून हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. सगळ्यांना ठाऊक असायचं, मोहनची बायको. तिने तोंड उघडलं आणि आतून आलं ते, "सुलभा." मग ते दुरुस्त करायचं राहिलं. खरं सांगायचं तर राहिलं नाही, तिने ठेवलं. अकरा वर्षं त्या तळघरात ती सुलभा होती.

अतुलच्या बुइक गाडीच्या मागच्या सीटवर मिसेस नोव्हाक आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर तपकिरी पर्स.

"गुड मॉर्निंग, सुलभा!"

"गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग!" माईंनी पुढच्या सीटवरून मान वळवून मोठ्या प्रेमाने उत्तर दिलं. तीन वर्षं हेच चाललं होतं. माईंना वाटायचं ही गोरी बाई आपल्यालाच नावाने हाक मारते, आणि त्यांना ते फार आवडायचं. घरात सगळे माई, आजी, आई. देवळात आजी. एक ही नोव्हाकच काय ती मैत्रिणीसारखी नाव घेऊन बोलते! "बघ," त्या शरयूला म्हणाल्या, "हिला आहे माझ्या नावाची कदर."

शरयू खिडकीबाहेर बघत बसली. डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांची दुकानं उघडत होती. तिने मोठा विचार केला होता: साहेबाने विचारलं की लगेच सांगू, नाव बदलायचंय, म्हणजे नोव्हाकबाई काय म्हणते याने फरकच पडणार नाही. फक्त साहेबाने ते आधी विचारायला हवं होतं.

साहेबाने आधी विचारलं नाही.

साहेब लाल चेहऱ्याचा, बाह्या दुमडलेला आणि सर्दीने बेजार. प्रेसिडेंट कोण, सिनेटर किती, सगळं धडाधड झालं. 'आय लिव्ह इन शिकागो विथ माय फॅमिली' असं तिने घोटीव अक्षरात लिहून दाखवलं. साहेबाने नाक पुसत 'व्हेरी नाइस' म्हटलं आणि पहिला साक्षीदार बोलावला.

अतुल ब्लेझरची बटणं लावत आला, शपथ घेतली आणि ताठ बसला.

"या बाई तुमच्या कोण?"

"भावाची बायको, सर."

"तुम्ही त्यांना कोणत्या नावाने ओळखता?"

"वहिनी."

साहेबाने कागद वरखाली केला. "हे नाव इथे नाही."

"नो नो, सर! वहिनी इज नॉट नेम." अतुलने शब्द शोधला. "वहिनी इज... पोस्ट."

"पोस्ट."

"येस, सर. परमनंट."

साहेब शिंकला. "मिस्टर देवस्थळी, त्यांचं नाव सांगा. फक्त नाव."

अतुलने शरयूकडे पाहिलं. वडीलधाऱ्या वहिनीचं नाव घ्यायचं, तेही तिच्या तोंडावर! त्याचे कान लाल झाले. "शरयू," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सॉरी, वहिनी," आणि पळालाच.

मग मिसेस नोव्हाक. हॅट नीट केली, शपथ घेतली.

"तुम्ही शरयू देवस्थळी यांना किती वर्षं ओळखता?"

"कोणाला?"

शरयूने डोळे मिटले.

"शरयू देवस्थळी. या बाई."

"ओह, नो, नो, डिअर," मिसेस नोव्हाक साहेबाला समजूत घातल्यासारखं म्हणाल्या. "ही सुलभा आहे. अकरा वर्षं ओळखते मी हिला. सोन्यासारखी बाई. माझी हाडं दुखतात तेव्हा ते पिवळं सूप आणून देते."

"मग शरयू कोण?"

"तिची सासू असेल. तीही छान आहे. मी सुलभाला गुड मॉर्निंग म्हटलं की तीच उत्तर देते."

साहेबाने रुमाल खिशात घातला. हे लक्षण वाईट होतं. आतापर्यंत तो सर्दी झालेला माणूस होता. आता तो सरकार झाला.

"मिसेस देवस्थळी. तुमच्या घरात सुलभा नावाचं कोणी राहतं?"

शपथ घेतलेली. खोटं बोलायची सोय नाही. "येस, सर."

"कोण?"

"माय मदर-इन-लॉ."

"त्यांचं ग्रीन कार्ड आहे?"

"येस, सर."

साहेबाने पेनाला टोपण लावलं. "म्हणजे तुमचा दीर शपथेवर सांगतो तुम्ही शरयू. तुमची शेजारीण शपथेवर सांगते तुम्ही सुलभा. आणि तुम्ही सांगता सुलभा ही वेगळीच बाई, तिचं वेगळं ग्रीन कार्ड आहे. फॉर्मवर, 'पूर्वीची इतर नावं' इथे लिहिलंय, काही नाही."

फॉर्म मोहनने भरला होता. त्याच्या लेखी त्याच्या बायकोला दुसरं नाव नव्हतंच. शरयूला वाटलं, आत्ता बाहेर जावं आणि त्याचा टाय जरा घट्ट करावा.

"मला फाइल चौकशीला पाठवावी लागेल," साहेब म्हणाला. "तुमची सासू... जिवंत आहे ना?"

"व्हेरी," शरयू म्हणाली.

"कुठे आहे?"

"आउटसाइड."

माई बाहेर बाकावर बसून सीमाला सांगत होत्या की ह्या हॉलमध्ये केवढी झाडलोट राहिलीय. आत बोलावल्यावर त्या सगळं खटलं घेऊनच आल्या. सीमा भाषांतराला, मोहन काळजीला आणि अतुल मागून दाराला टेकून. एवढीशी खोली. मिसेस नोव्हाकना खुर्ची सरकवून कोपऱ्यात जावं लागलं.

"आर यू सुलभा?" साहेबाने विचारलं.

"येस! आय सुलभा!" माईंनी पर्समधून ग्रीन कार्ड काढून टेबलावर ठेवलं, हुकमाचं पान टाकावं तसं.

"आणि ह्या?"

"शी..." माई थांबल्या. सुनेकडे पाहिलं. "शी शरयू."

"या शेजारीणबाई म्हणतात ह्या सुलभा."

माई वळल्या. मिसेस नोव्हाकनी शरयूकडे बोट दाखवून प्रेमाने मान डोलावली. "सुलभा," त्या म्हणाल्या, "माय सुलभा."

माईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते शरयूला बघवेना. तीन वर्षांच्या गुड मॉर्निंगा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या असणार. "म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "ती मला नव्हतीच मारत हाक?"

"माई, मी सांगणार होते..."

"तीन वर्षं?"

"मॉम!" सीमा वळली. सकाळी आईच्या बाजूने लढणारी पोरगी एका क्षणात आजीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "यू हॅड अ सीक्रेट नेम? विथ द नेबर? आणि आजीला तसंच उत्तर देऊ दिलंस? दॅट्स सो मीन!"

"अगं, मी काय मुद्दाम..."

"माफ करा," साहेब आवाज चढवून म्हणाला, "पण मला एवढंच समजतंय की या खोलीत कोणीतरी खोटं बोलतंय. आणि मला वाटतं, त्या ह्या बाई आहेत. इफ शी इज लाइंग..."

माईंना इंग्रजी फार येत नव्हतं. पण लाय म्हणजे काय ते त्यांना टीव्हीवरच्या दुपारच्या मालिकांनी चांगलं शिकवलं होतं.

"हू लाय?" त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. "माय डॉटर-इन-लॉ लाय? सीमा, सांग त्याला. हिला खोटारडी म्हणायचं असेल तर मी म्हणेन. बावीस वर्षं सांभाळलीय मी. हा कोण? ह्याचा काय संबंध? आणि नाक पूस म्हणावं आधी."

सीमाने नाकाचा भाग वगळून सांगितलं.

"अँड शी सुलभा!" माई थांबायला तयार नव्हत्या. "ट्रू! फ्रॉम फादर हाऊस, सुलभा. मॅरेज, कम माय हाऊस. आय आल्सो सुलभा. टू सुलभा, नॉट अलाउड!"

"नॉट अलाउड?" साहेबाने सीमाकडे पाहिलं. "बाय लॉ?"

"नो, सर," सीमा म्हणाली. "बाय माय ग्रँडमदर."

"आय चेंज!" माईंनी छातीवर हात ठेवला. पश्चात्ताप वगैरे काही नाही, उलट पुरावा देणाऱ्याचा रुबाब. "शी नो चेंज. आय चेंज. राइट!"

साहेबाने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "आणि तुम्ही? तुम्ही जन्मापासून सुलभा?"

माई जराशा अवघडल्या. "नो," त्या म्हणाल्या. "बिफोर, गोदू."

"माई?" मोहन आणि अतुल एकदम म्हणाले. पन्नाशीला आलेले दोन घोडे, आईचं माहेरचं नाव त्यांना आज, सरकारी ऑफिसात, कळत होतं.

"तुम्हालाही ते परत हवंय का?" साहेबाने विचारलं. थट्टा होती की दमणूक, कळायला मार्ग नव्हता.

सीमाने विचारलं. माईंनी नाक मुरडलं. "शी! गोदू कोणाला हवंय? ही बरी आहे सुलभा."

साहेबाने खुर्ची मागे सरकवली. "ठीक. मला फक्त एक सांगा. ह्यांना शरयू म्हणून हाक कोण मारतं?"



"तुम्ही?" त्याने माईंना विचारलं.

"सूनबाई," माई म्हणाल्या.

"हा म्हणतो पोस्ट. तू?"

"मॉम," सीमा म्हणाली.

"आणि नवरा? तुम्ही काय हाक मारता, सर?"

मोहनच्या तोंडात खायला काही नव्हतं. "आय डोन्ट कॉल, सर," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "आय गो निअर. देन आय टॉक."

शरयूला एकदम हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला, तरी फुटलं. बावीस वर्षं ज्या नावासाठी एवढं रामायण झालं, ते नाव वापरलं कोणी? गॅस कंपनीने. आणि सिअर्सने. आणि दुसरं नाव? ते वापरलं एका म्हाताऱ्या बाईने, तळघरात, ओले कपडे पिळताना.

"म्हणजे," साहेब म्हणाला, "एक नाव कागदावर आहे, ते कोणी घेत नाही. दुसरं कागदावर नाही, आणि तेच माझा साक्षीदार शपथेवर सांगतोय. मिसेस देवस्थळी, मी फॉर्म दुरुस्त करतो. पण सर्टिफिकेटवर कोणतं नाव हवं? आत्ता सांगा. जज ते मंजूर करतील."

झालं. विचारलं एकदाचं. सकाळपासून पाठ केलेलं उत्तर तिच्या जिभेवर होतं, आणि ते तिथेच अडकलं. कारण माई तिच्याकडे बघत होत्या. आत्ता तिची बाजू घेऊन सरकारशी भांडलेल्या माई. त्यांची गुड मॉर्निंग तिने घेतलीच होती. आता नावही घ्यायचं? मोहन डोळ्यांनी सांगत होता, राहू दे. अतुल घड्याळ बघत होता. सीमा आता नेमकी कोणाच्या बाजूने होती ते सीमालाच ठाऊक नव्हतं.

"माई," ती मराठीत म्हणाली, "मी म्हणणार आहे. तुम्हाला राग आला तरी."

"राग येणारच," माई म्हणाल्या. "मी काय देवी आहे का? मला दोन दिवस राग येईल. तू म्हण."

"सुलभा," ती साहेबाला म्हणाली. आवाज फाटला, म्हणून परत म्हणाली. "सुलभा देवस्थळी."

"मधलं नाव?"

मोहनने मान वर केली. ते मधलं नाव तो स्वतःच होता. अतुलने मागून खाकरून दुसरीकडे पाहिलं.

"मोहन," ती म्हणाली. "ते राहू द्या. त्याची सवय झालीय."

साहेबाने लिहिलं. तिने सुलभा अशी सही केली, बावीस वर्षांनी, आणि 'ल'ची शेपटी कॉलेजात काढायची तशीच वळवून काढली. शपथेचा दिवस पोस्टाने कळणार होता. निघताना साहेबाने माईंना त्यांचं कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं आणि, बघा बरं, नाक पुसलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मिसेस नोव्हाक माईंपाशी गेल्या. बिचारीला सगळं उशिरा कळलं होतं. "मग मी तुला काय म्हणू, डिअर? तूही सुलभा?"

माईंनी विचार केला. पदर सारखा केला. "मी," त्या म्हणाल्या, "मिसेस देवस्थळी."

"आजी, सीरियसली?"

"मग काय! नाव तिला दिलं. आता मान तरी मला राहू दे." मग सुनेकडे वळून, "आणि सांगून ठेवते, ते कोर्टात सुलभा. घरात मी सूनबाईच म्हणणार."

"म्हणा," ती म्हणाली. "ती माझी पोस्टच आहे."

अतुलने लिफ्टचं बटण दाबलं. मोहनला इथूनच ट्रेन पकडून कारखान्यात जायचं होतं. तो नेहमीसारखा जवळ आला, ब्रीफकेस या हातातून त्या हातात घेतली आणि हळू आवाजात सुरू केलं, "अगं, संध्याकाळी जरा..."

तिला काय झालं कोणास ठाऊक. ती वळली आणि चालायला लागली. थेट कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, पाणी प्यायच्या नळापाशी जाऊन उभी राहिली, पर्स पोटाशी धरून.

"अगं, कुठे चाललीस?"

"तुम्ही जवळ येऊन बोलता ना? आता मी लांब आहे," ती तिथून म्हणाली. "मारा हाक."

"इथे?"

"इथेच."

मोहनने माईंकडे पाहिलं. बायकोला हाक मारायची तर ती आईच्या नावाने, आणि आई शेजारी उभी! पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे असलं धर्मसंकट, आणि वर लोक बघतायत.

"मार रे," माई वैतागून म्हणाल्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेऊन दोन्ही कान गच्च झाकले. "मी ऐकतच नाहीये. मार लवकर!"

लिफ्ट आली. अतुलने दारात पाय अडकवून ठेवला. आतले दोन सुटातले साहेब कपाळाला आठ्या घालून घड्याळं बघायला लागले. मोहनने टायची गाठ सैल केली.

"सुलभा!"

एवढ्या मोठ्याने की दोन खोल्यांतून डोकी बाहेर आली. पहाऱ्यावरच्या पोलिसाने वर्तमानपत्र खाली केलं. मिसेस नोव्हाकनी टाळीच वाजवली.

"काय हो?" तिने त्या टोकावरून विचारलं. आवाज अगदी साधा ठेवायचा तिने फार प्रयत्न केला.

काय सांगायचं होतं ते मोहन साफ विसरला होता. ब्रीफकेस छातीशी धरून तो नुसता उभा राहिला. लिफ्ट किणकिण करत होती.

"काही नाही," तो ओरडला. "मला आता निघायला हवं!"